ब्रॉन्किओलायटिसच्या बाळाला श्वासाचा आधार: नाक मोकळं करण्यापासून बबल सीपॅपपर्यंत

"बाळाचं प्वाट लय उडाय लागलंय बगा, आन् रातीपास्नं अंगावरचं दूध धरंना."

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरातल्या बालरोग ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येतं. बोलते बहुतेक वेळा आजी. आई बाळाला छातीशी धरून मागे उभी असते. थोरल्या भावंडाला शाळेतून सर्दी आलेली असते, मग ती बाळाला होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी "छातीत उतरते". आजीच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान असतं. पोट उडतंय म्हणजे बाळ श्वासासाठी झगडतंय. दूध धरत नाही म्हणजे तो झगडा आता त्याला झेपेनासा झालाय.

हा लेख मुख्यतः तालुक्याच्या ठिकाणी, दहा-वीस खाटांच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी आहे. आईवडिलांनीही वाचायला हरकत नाही. बाळाच्या नाकात नळ्या का घातल्यात, बाटलीत बुडबुडे का येतायत, हे कळलं तर भीती बरीच कमी होते. मात्र यातलं नाक साफ करणं सोडलं तर घरी करण्यासारखं काहीही नाही.

इतकी वर्षं ही बाळं बघून माझं एक मत पक्कं झालंय. हाय फ्लो (नाकातून जोराने सोडलेला गरम, दमट गॅस) चांगलं की सीपॅप (नाकावाटे सतत दिलेला हवेचा दाब) चांगलं, यावर आपण फार बोलतो. आधार लावल्यानंतरचा पहिला एक तास बाळाजवळ कोण उभं होतं, यावर फारसं बोलत नाही. आणि बाळाचं पुढे काय होणार, हे बहुतेक वेळा त्या तासात कळतं.

आत नेमकं काय होतं

ब्रॉन्किओलायटिस हा दोन वर्षांखालच्या मुलांचा, त्यातही पहिल्या सहा महिन्यांतल्या बाळांचा आजार. बहुतेक वेळा कारण आरएसव्ही नावाचा विषाणू. ऱ्हायनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस वगैरेही असतात. फुप्फुसातल्या सगळ्यांत बारीक श्वासनळ्यांना सूज येते, आतलं अस्तर झडतं, त्यात चिकट कफ मिसळतो आणि नळ्या तुंबतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सोळापट वाढतो. मोठ्या माणसाला एक मिलिमीटर सुजेचं काही वाटत नाही, चार महिन्यांच्या बाळाची तेवढ्यात दमछाक होते.

हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. छाती फुगलेली राहते. काही भागांत हवा कोंडते, काही भाग पूर्ण मिटतात. बाळाच्या बरगड्या आडव्या असतात, छातीचा पिंजरा मऊ असतो, त्यामुळे सगळा भार पोट-छातीमधल्या पडद्यावर, म्हणजे डायफ्रामवर येतो. तो स्नायू लवकर थकतो. बाहेरून दिलेला दाब या थकलेल्या स्नायूचं काम हलकं करतो आणि मिटणाऱ्या नळ्या उघड्या धरतो. आजार मात्र त्याच्या गतीनेच बरा होतो. तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यांत वाईट असतो, म्हणून केसपेपरवर पहिलं वाक्य हे हवं: आज आजाराचा कितवा दिवस? दुसऱ्या दिवशी धापा टाकणारं बाळ अजून चढावर आहे. सहाव्या दिवशी तेवढ्याच धापा टाकणारं बाळ बहुधा उतारावर आहे.

पहिली पायरी: हात लावण्याआधी बघा

बाळ आईच्या मांडीवर असतानाच झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ही बाळं मध्येच थांबतात, मध्येच भराभर श्वास घेतात, त्यामुळे हिशेब चुकतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद.

मग बघा: बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, प्रत्येक श्वासाला डोकं हलतंय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का. कण्हणं फार महत्त्वाचं. बाळ स्वतःच्या घशाने स्वतःसाठी दाब तयार करत असतं. एका अर्थी ते आपल्याकडे सीपॅप मागत असतं.

सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, पावलावर लहान मुलांचा प्रोब लावून बघा. मोठ्या माणसांच्या बोटाची चिमटी बाळाच्या अंगठ्याला लावून आलेला आकडा खरा मानू नका. पाय गार असेल तर आधी चोळून ऊब द्या. पडद्यावरची नाडी आणि स्टेथोस्कोपने मोजलेली नाडी जुळली की मग आकडा लिहा.

बाळ अडीच महिन्यांच्या आतलं असेल, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा दोष असेल, किंवा आई "मधेच श्वास थांबला, ओठ निळे पडले" असं सांगत असेल, तर आकडे चांगले असले तरी दाखल करा. फार लहान बाळांत ब्रॉन्किओलायटिसचं पहिलं लक्षण धाप नसतंच, श्वास थांबणं असतं. निम्म्याहून कमी दूध पिणारं किंवा बारा तासांत लघवी न केलेलं बाळही घरी पाठवू नये.

एक इशारा इथेच. दूध पिताना कपाळाला घाम, वजन न वाढणं, यकृत मोठं, मर्मर (हृदयाचा जादा आवाज): असं बाळ हृदयविकाराचंही असू शकतं. छाती फुगल्यामुळे यकृत खाली ढकललं जातं हे खरं, म्हणून नुसत्या यकृतावर निष्कर्ष काढू नका, पण शंका आली तर इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत ती सोडूही नका.

दुसरी पायरी: नाक

ही पायरी सगळे विसरतात. लहान बाळं प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात. नाक शेंबडाने भरलेलं असताना वरून कितीही ऑक्सिजन सोडला तरी तो आत जाणार कसा? प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन-तीन थेंब, अर्धं मिनिट थांबायचं आणि हलकं सक्शन, तेही नाकपुडीच्या तोंडाशीच. कॅथेटर खोल घशापर्यंत घालून खणल्यासारखं करू नका. त्याने सूज वाढते, बाळ थकतं. हे झाल्यावर बाळाला डोक्याकडून थोडं उंच ठेवा, दहा मिनिटं आईजवळ शांत राहू द्या आणि पुन्हा मोजा. ८९ चं ९४ झालेलं मी कितीतरी वेळा बघितलंय.

नेब्युलायझेशनबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपल्याकडे "वाफ द्या" हा नातेवाइकांचा आग्रह असतो आणि डॉक्टरही सवयीने साल्ब्युटामॉल, म्हणजे दम्यातलं श्वासनळ्या सैल करणारं औषध, लिहितात. अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आणि ब्रिटनच्या २०१५ च्या सूचना, दोन्ही सांगतात की नेहमीच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये साल्ब्युटामॉल, स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक देऊ नयेत, कारण त्याने आजार कमी होत नाही. साल्ब्युटामॉलने नाडी मात्र वाढते, आणि नाडी हीच आपली पुढच्या तासाची खूण आहे. ती आपल्याच औषधाने बिघडवून ठेवली तर वाचायची कशी? एक्स-रेही प्रत्येक बाळाला लागत नाही. अचानक बिघडलं तर मात्र लगेच काढायचा.

तिसरी पायरी: साधा ऑक्सिजन

नाक मोकळं करूनही सॅच्युरेशन ९० च्या खाली राहत असेल तर ऑक्सिजन सुरू करा. सहा आठवड्यांखालच्या किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्या बाळांत ९२ ही रेषा धरा. नाकातल्या साध्या नळीने तान्ह्या बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर, थोड्या मोठ्या बाळाला एक ते दोन लिटर. दोनच्या वर जायचं नाही. गार, कोरडा ऑक्सिजन जोरात सोडला तर नाक सुकतं, कफ घट्ट होतो आणि बाळ रडून जास्त थकतं.

पुष्कळ बाळांचं एवढ्यावर भागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १,४७२ बाळांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साध्या ऑक्सिजनवर ठेवलेल्यांपैकी २३ टक्के बाळांना उपचार वाढवावे लागले, सुरुवातीपासून हाय फ्लोवर ठेवलेल्यांपैकी १२ टक्क्यांना. म्हणजे हाय फ्लोचा उपयोग आहेच. पण साध्या नळीवरच्या चारपैकी तीन बाळांचं तेवढ्यावर निभावलं, आणि रुग्णालयातले दिवस दोन्ही गटांत सारखेच राहिले. ज्यांचं साध्या नळीवर निभावलं नाही त्यांतल्याही बऱ्याच बाळांना नंतर हाय फ्लो लावून सुधारता आलं. त्यामुळे तुमच्याकडे एकच हाय फ्लोचं मशीन असेल तर ते पहिल्या दाखल बाळाला लावून मोकळे होऊ नका. त्या रात्री दुसरं बाळ येणार आहे.

चौथी पायरी: हाय फ्लो

साध्या ऑक्सिजनवर सॅच्युरेशन टिकत नाही, किंवा टिकतंय पण बाळ दमतंय, तेव्हा हाय फ्लो. इथे गॅस ३४ ते ३७ अंशांपर्यंत तापवलेला आणि पूर्ण दमट केलेला असतो, म्हणून बाळ इतका जोराचा प्रवाह सहन करतं. हा प्रवाह नाक-घशात साचलेली वापरलेली हवा धुऊन काढतो आणि थोडा दाबही देतो, पण किती दाब ते मोजता येत नाही.

नळीची टोकं नाकपुडीच्या निम्म्या जागेपेक्षा जास्त भरणारी नकोत, कडेने हवा निसटायलाच हवी. आधी मशीन गरम होऊ द्या, मग बाळाला लावा. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला एक लिटरने सुरू करून दहा-पंधरा मिनिटांत दोन लिटरपर्यंत न्या. साडेपाच किलोच्या बाळाला ११ लिटर. तीन लिटर प्रति किलोपर्यंत नेऊन फायदा वाढत नाही, बाळ बेचैन मात्र होतं. ऑक्सिजनचं प्रमाण ४० टक्क्यांनी सुरू करा आणि सॅच्युरेशन ९२ ते ९७ मध्ये राहील इतकंच ठेवा. पडद्यावर १०० दिसतंय म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, त्याने बिघाड झाकला जातो.

नळीत पाणी साचतं. ते बाळाच्या नाकात जाऊ नये म्हणून नळीचा उतार बाळापासून लांब ठेवा.

पाचवी पायरी: बबल सीपॅप

पाण्यात नळी बुडवून दाब देणाऱ्या या साध्या बाटलीवर माझा जीव आहे, हे आधीच कबूल करते. हाय फ्लोचं महागडं मशीन बंद पडलं तर इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत थांबावं लागतं. बाटली, पाणी आणि नळी यांत बंद पडण्यासारखं फारसं काही नसतं. बांगलादेशात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीपासून बबल सीपॅप बनवलं. ढाक्यात गंभीर न्यूमोनियाच्या मुलांवर त्यांनी केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात साध्या ऑक्सिजनवरच्या गटात १५ टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवरच्या गटात ४ टक्के.

पण याच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करू नका. आफ्रिकेतल्या मलावीत, एका जिल्हा रुग्णालयातल्या चाचणीत (२०१९) जास्त धोक्याच्या मुलांमध्ये बबल सीपॅपच्या गटात १७ टक्के मृत्यू झाले आणि साध्या ऑक्सिजनच्या गटात ११ टक्के. तिथे रोज डॉक्टरांची देखरेख नव्हती. ढाक्याच्या रुग्णालयात डॉक्टर हजर होते. त्या दोन आकड्यांमधल्या फरकाची सगळी कारणं एवढ्यात संपत नाहीत, पण बाटली लावून निघून जाणाऱ्याने मलावीचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आता जोडणी. बाळाच्या नाकाकडे येणारी नळी तापवलेला, दमट गॅस आणते. नाकाकडून निघणारी दुसरी नळी बाटलीतल्या पाण्यात बुडते. जितके सेंटिमीटर बुडते तितका दाब. ही खोली मोजायची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीच्या खालच्या टोकापर्यंत. बाटलीच्या तळापासून मोजणारे मी पाहिलेत. पाच सेंटिमीटरने सुरुवात करा. ब्रॉन्किओलायटिसमध्ये बहुतेक बाळांना सहा-सात लागतात, आठच्या वर लहान ठिकाणी जाऊ नका. बाटलीच्या झाकणाला हवा बाहेर जाण्यासाठी भोक असायलाच हवं. ते चिकटपट्टीने किंवा कापसाने बंद झालं तर दाब वाढत जातो आणि फुप्फुस फुटू शकतं.

प्रवाह मिनिटाला पाच ते आठ लिटर, मोठ्या बाळाला दहापर्यंत, पण बुडबुडे संथ आणि सलग यायला हवेत. पाणी उसळायला नको. प्राँग, म्हणजे नाकपुड्यांत बसणारी नळीची टोकं, इथे घट्ट बसायला हवेत, हाय फ्लोच्या बरोबर उलट. आकार चुकला तर हवा गळते आणि बाटली गप्प होते. घट्ट म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्यावर टेकलेले नव्हेत. पडदा आणि प्राँगचा पूल यांच्यात दोन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. दर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन बघा. त्वचा पांढरी पडली असेल तर ती जखमेची पहिली खूण आहे. टोपी डोक्याला नीट बसणारी हवी, सैल टोपीवर बांधलेल्या नळ्या रात्रभर सरकत राहतात. तोंडातून हवा फार जात असेल तर चोखणी द्या किंवा हनुवटीला हलका आधार द्या. पट्टीने तोंड आवळू नका, उलटी झाली तर ती बाहेर यायला हवी.

तोंडातून पोटात एक नळी घाला आणि तिचं टोक उघडं ठेवा. हवा पोटातही जाते. फुगलेलं पोट डायफ्रामला वर ढकलतं आणि आपण दिलेला सगळा आधार वाया जातो.

हवा-ऑक्सिजन मिसळायचा ब्लेंडर नसेल तर दोन स्रोत जोडून हिशेब करता येतो. पाच लिटर हवा आणि तीन लिटर शुद्ध ऑक्सिजन मिळून आठ लिटर, त्यात ऑक्सिजन साधारण ५० टक्के.

हाय फ्लो की सीपॅप? सहा महिन्यांखालच्या १४२ बाळांवर फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत (२०१७) हाय फ्लो सुमारे निम्म्या बाळांत अपुरं पडलं, सात सेंटिमीटरचं सीपॅप ३१ टक्क्यांत. व्हेंटिलेटर लागणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच राहिलं, कारण एक अपुरं पडलं की लगेच दुसरं लावलं गेलं. माझी रीत अशी: मध्यम त्रास आणि शांत बाळ असेल तर हाय फ्लो. कण्हणारं, खूप ओढणारं, अगदी लहान बाळ असेल तर सरळ सीपॅप.

आणि कुणाला दोन्ही नको? वारंवार श्वास थांबणारं, गुंगीत गेलेलं, शॉकमधलं, फुप्फुसाबाहेर हवा साचलेलं बाळ. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाला प्राँग नीट बसत नाहीत आणि दाब टिकत नाही. या बाळांना पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग) आणि बहुधा व्हेंटिलेटर लागतो. तिथे वेळ घालवू नका.

सहावी पायरी: पहिला तास

आधार लावला त्या क्षणाची वेळ केसपेपरवर लिहा. शेजारी चार गोष्टी लिहा: श्वास, नाडी, ओढणं किती, ऑक्सिजन किती टक्के. हेच पुन्हा १५, ३० आणि ६० मिनिटांनी. या तासात सिस्टरला दुसरं काम नको, आणि हे मावशींसकट सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

पहिल्या पंधरा मिनिटांत बाळ रडतं, नळ्या ओढतं, आकडे वाईट दिसतात. बाळाला कपड्यात गुंडाळा, आईचा हात छातीवर राहू द्या. झोपेचं औषध देऊ नका. पीआयसीयूत, सगळ्या तयारीनिशी देतात ती गोष्ट वेगळी. तुमच्याकडे रात्री एक वाजता दिलेलं झोपेचं औषध श्वासच थांबवू शकतं.

तासाभरात आधी नाडी उतरायला हवी. १८० ची १५० झाली, श्वास ७० वरून ५५ वर आला, ओढणं कमी झालं आणि बाळ डोळे मिटून शांत झालं, तर आधार लागू पडलाय. दोन्ही आकडे साधारण पाचव्या हिश्शाने उतरणं ही चांगली खूण. तासाभराने काहीच हललं नसेल तर आधी साध्या गोष्टी तपासा: नाक तुंबलंय का, प्राँग सरकलाय का, नळीत पाणी आहे का, पोट फुगलंय का, ताप आहे का. सगळं ठीक असूनही फरक नसेल तर पुढची पायरी, म्हणजे हाय फ्लोवरून सीपॅप किंवा सीपॅपवरून मोठं रुग्णालय. आणखी तासभर "बघू" म्हणू नका.

सॅच्युरेशन इथे फसवतं. ऑक्सिजन वाढवला की आकडा सुधारतो, पण आत कार्बन डायऑक्साइड साचत राहू शकतो. म्हणून ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या वर न्यावा लागतोय, हीच बिघाडाची खूण समजा.

आणि हे जपून वाचा. श्वास ७५ वरून ३० वर आले, ओढणंही कमी झालं, पण बाळ ढिलं पडलंय, हाक मारल्यावर बघत नाही, छातीत हवा जाण्याचा आवाज मंदावलाय, तर ते बरं झालेलं नाही. ते दमून हरलंय. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात घ्या आणि मदतीला हाक मारा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. एका छोट्या रुग्णालयात साडेचार महिन्यांचं बाळ बबल सीपॅपवर होतं. मॉनिटरचा आवाज कुणीतरी बंद केला होता, कारण बाजूचं बाळ जागं होत होतं. मी पलीकडच्या खोलीत होते. त्या बाळाची आई धावत आली: "म्याडम, बाटली गप झालीया." मी तिला संध्याकाळी सहज सांगितलं होतं की बुडबुडे थांबले तर हाक मार. जाऊन बघते तर एक प्राँग नाकातून पूर्ण बाहेर, बाळाचे ओठ राखाडी. प्राँग बसवल्यावर दोन मिनिटांत रंग आला. त्या रात्रीपासून मी प्रत्येक आईला बाटली दाखवते, पाण्याची रेघ दाखवते आणि बुडबुड्यांचा आवाज कानाने ओळखायला लावते. अलार्म बंद करायची माझ्याकडे कुणालाही परवानगी नाही, मलाही.

बुडबुडे थांबले तर कारण शोधायची सोपी रीत: प्राँग नाकातून काढा, बोटांनी त्यांची तोंडं बंद करा. आता बुडबुडे आले तर नळ्या ठीक आहेत, गळती नाका-तोंडाशी आहे. तरीही आले नाहीत तर गॅसचा स्रोत, जोड किंवा ह्युमिडिफायरचं (गॅस दमट करणाऱ्या भांड्याचं) झाकण तपासा. परतीच्या नळीत साचलेलं पाणी दर दोन-तीन तासांनी काढा, नाहीतर तुम्हाला न कळत दाब वाढतो.

दूध आणि पाणी

श्वास ६०-७० च्या वर असताना तोंडाने दूध नको. आईला दूध काढायला सांगा आणि तेच पोटातल्या नळीने थोडं थोडं द्या. आधारावर आहे म्हणून बाळ उपाशी ठेवायची गरज नसते. पहिले काही तास, किंवा इंट्युबेशनची (श्वासनळीत नळी घालण्याची) शक्यता दिसत असेल तर, शिरेतून सलाइन. तेही नेहमीच्या गरजेच्या दोन तृतीयांश आणि मिठाचं पूर्ण प्रमाण असलेलं, कारण या आजारात शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम उतरू शकतं. साडेपाच किलोच्या बाळाला हे तासाला साधारण १५ मिली होतं.

पाठवायचं कधी आणि कसं

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अर्धा वैद्यकीय आणि अर्धा रस्त्याचा आहे. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटरच्या आसपास, पण जुलैच्या पावसात ते अंतर तासांत मोजायचं असतं. चंदगडचं तर विचारूच नका. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचली की रस्ते एकेक करून बंद व्हायला लागतात आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण भोगलंय. म्हणून पावसाळ्यात मी पातळीचा आकडा सकाळीच बघते. नदी चढत असेल आणि आजाराचा दुसरा-तिसरा दिवस असेल, तर एरवी उद्यापर्यंत थांबवलं असतं ते बाळ आजच दुपारी पाठवते.

निघण्याआधी फोन करा, मग तो सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला असो किंवा पीआयसीयू असलेल्या खासगी रुग्णालयाला: वय, वजन, आजाराचा दिवस, कोणता आधार किती वेळ, आणि खाट आहे का. १०८ ला सांगताना "बाळ ऑक्सिजनवर आहे, दाबाचा आधार लागतो" हे स्पष्ट सांगा.

मग सिलिंडरचा हिशेब, तोही कागदावर. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि दाबाचा काटा १५० च्या आसपास असतो. म्हणजे काट्याचा आकडा गुणिले दहा, तेवढे लिटर. काटा ६० वर असेल तर ६०० लिटर. आठ लिटरने बबल सीपॅप चालवलं तर ७५ मिनिटं. गगनबावड्याचा प्रवास दीड तासाचा धरला तर ७२० लिटर लागतात, म्हणजे बाळ कोल्हापूरच्या वेशीबाहेर असतानाच सिलिंडर संपणार. लागेल त्याच्या दुप्पट बरोबर घ्या. उघडायची चावी सिलिंडरलाच बांधलेली असू द्या, आणि अंबू बॅग बाळाच्या मापाच्या मास्कसह सिस्टरच्या मांडीवर.

आधार काढताना

घाई सगळ्यांना असते, बिलाचीही. आधी ऑक्सिजनचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत उतरवा, प्रवाह किंवा दाब तसाच ठेवून. बाळ काही तास शांत राहिलं, श्वास उतरलेले राहिले, की सीपॅप पाचवर आणा किंवा हाय फ्लो निम्मं करा, आणि मग काढून टाका. अर्ध्या-अर्ध्या लिटरने दोन दिवस उतरवत बसण्याचा काही फायदा नाही. काढायची वेळ दिवसाची निवडा, माणसं जागी असतात.

घरी सोडण्याआधी बाळ ऑक्सिजनशिवाय किमान चार तास, त्यात एक झोप धरून, ९० च्या वर राहायला हवं. सहा आठवड्यांखालच्या बाळाला ९२. आणि पोटभर नाही तरी नेहमीच्या तीन चतुर्थांश दूध प्यायला हवं.

जाताना आजीशी वेगळं बोला. अंघोळीनंतर ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी द्यायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ती मायेपोटीच दिली जाते. तिला तसंच सांगा: "आजी, शेक द्या, तेल लावा, पण धूर नको. नळ्या अजून सुजलेल्या आहेत." चुलीपाशी, गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याजवळ बाळ नेऊ नका. सर्दी झालेल्या थोरल्याने पापे घेऊ नयेत, हात धुऊनच बाळाला घ्यावं.

खोकला दोन-तीन आठवडे राहील हेही सांगा, नाहीतर पाचव्या दिवशी घाबरून कुणीतरी अँटिबायोटिकची बाटली आणेल. परत कधी यायचं ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: पोट उडायला लागलं, कण्हायला लागलं, निम्मंही दूध धरेना, बारा तास लंगोट कोरडा, ओठ निळे, किंवा श्वास मध्येच थांबला. आणि ती चिठ्ठी आजीला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.